मुलांना नैराश्याची गोळी सुरू करताना: काळ्या चौकटीतल्या इशाऱ्याचा खरा अर्थ

आपल्याकडे मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रिप हातात मिळते, पण खोक्यातला घडी घातलेला माहितीचा कागद बहुतेक वेळा दुकानातच राहतो. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला नैराश्यासाठी गोळी सुरू झाली, की आईबाप रात्री मोबाइलवर त्या गोळीचं नाव टाकून बघतात. पहिल्या पाचदहा ओळींतच त्यांना दिसतं, की हे औषध लहान वयात घेतल्यास आत्महत्येचे विचार वाढू शकतात. ज्या भीतीपोटी डॉक्टरांकडे गेलो, तीच भीती औषधाच्या नावापुढे लिहिलेली. मग काही घरांत गोळी दुसऱ्याच दिवशी बंद होते. काही घरांत ‘इंटरनेटवर काहीही लिहितात’ म्हणून तो इशारा बाजूला सारला जातो. दोन्हींत मुलाला धोका आहे, म्हणून तो इशारा कुठून आला आणि नेमकं काय सांगतो, हे जरा निवांतपणे पाहू.

अमेरिकेत औषधांना मंजुरी देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे एफडीए. ऑक्टोबर २००४ मध्ये तिने सगळ्या नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. औषध बाजारात ठेवून देता येणारा हा सगळ्यात कडक इशारा. त्यामागे २४ चाचण्यांची एकत्रित आकडेमोड होती. नऊ वेगवेगळी औषधं, ४,४०० हून जास्त मुलं, आणि ४ ते १६ आठवडे चाललेल्या चाचण्या. प्रत्येक चाचणीत काही मुलांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी साधारण २ मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं नव्याने दिसलं. खरी गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी ४.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. दोनाचे चार म्हणजे धोका दुप्पट, आणि बातमीचा मथळा तसाच होतो. पण १०० पैकी ९६ मुलांना हा त्रास झाला नाही, हेही तितकंच खरं. त्या २४ चाचण्यांमध्ये एकाही मुलाने आत्महत्या केली नाही. मोजलं गेलं ते विचार आणि प्रयत्न. अर्थात ज्या मुलांची अवस्था फारच बिकट असते, त्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. त्यामुळे ‘एकही मृत्यू नाही’ यावर फार भार टाकता येत नाही. २००७ मध्ये हा इशारा १८ ते २४ वयाच्या तरुणांपर्यंत वाढवला गेला. त्यापुढच्या वयात असा वाढीव धोका दिसला नाही, आणि ६५ च्या पुढे तर औषधाने धोका कमी झालेला दिसला. म्हणजे तीच गोळी आजोबांना आणि नातवाला सारखी लागू पडत नाही.

आता तो इशारा आला कसा, याकडे वळतो. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण औषधाच्या दुष्परिणामाइतकाच माहिती दाबून ठेवण्याचा हा इतिहास आहे.

१९९४ मध्ये स्मिथक्लाइन बीचम या कंपनीने १२ ते १८ वयाच्या नैराश्यग्रस्त मुलांवर पॅरोक्सेटिन या औषधाची चाचणी सुरू केली. पुढे ही कंपनी विलीनीकरणानंतर ग्लॅक्सोस्मिथक्लाइन झाली. अमेरिका आणि कॅनडातली २७५ मुलं त्यात होती. तीन गट होते. एकाला पॅरोक्सेटिन, दुसऱ्याला इमिप्रॅमिन हे जुनं औषध आणि तिसऱ्याला बिनऔषधी गोळी. ही चाचणी आज ‘स्टडी ३२९’ या नावाने ओळखली जाते. औषध चाललं की नाही हे कशावरून ठरवायचं, याची मुख्य मोजमापं चाचणीआधीच लिहून ठेवलेली होती. निकाल हाती आले तेव्हा त्या मुख्य मोजमापांवर पॅरोक्सेटिन आणि बिनऔषधी गोळी यांत फरक दिसला नाही.

१९९८ चा कंपनीचा एक अंतर्गत कागद नंतर बाहेर आला. हे औषध मुलांमध्ये परिणामकारक ठरलं नाही असं माहितीपत्रकात लिहिणं व्यापाराच्या दृष्टीने परवडणारं नाही, असा त्याचा आशय होता. २००१ च्या जुलैमध्ये बालमानसोपचाराच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात या चाचणीवर शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष असा, की पॅरोक्सेटिन किशोरवयीन मुलांमध्ये परिणामकारक आहे आणि त्यांना ते सहसा चांगलं सोसतं. आधी ठरवलेली मोजमापं मागे टाकून, नंतर घातलेल्या आणि अनुकूल निघालेल्या मोजमापांवर तो भर होता. मसुदा कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखनसंस्थेकडून तयार झाला होता. वर नावं होती वीसहून जास्त डॉक्टरांची आणि संशोधकांची.

निबंधातच दिलेला एक तपशील आज वाचला तरी हात थांबतो. पॅरोक्सेटिन घेणाऱ्या ९३ पैकी ११ मुलांना गंभीर त्रास झाला होता, बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ८७ पैकी फक्त २ मुलांना. पण त्या अकरांपैकी एकाच मुलाची डोकेदुखी तेवढी औषधामुळे झाली असावी, असं मत नोंदवलेलं होतं. आणि आत्महत्येशी संबंधित घटना? त्यांची नोंद ‘भावनिक अस्थिरता’ अशा खात्यावर गेली होती. तक्त्यावरून नजर फिरवणाऱ्या गावोगावच्या डॉक्टरांना त्यातून काय कळणार? मूल थोडं रडवेलं झालं असेल, एवढंच.

२००३ मध्ये कंपनीने मुलांच्या चाचण्यांची माहिती ब्रिटन आणि अमेरिकेच्या यंत्रणांकडे दिली, तेव्हा या खात्यामागे नक्की काय दडलंय, हा प्रश्न पुढे आला. ब्रिटनने जून २००३ मध्ये १८ वर्षांखालच्या नैराश्याच्या रुग्णांना पॅरोक्सेटिन देऊ नये असं जाहीर केलं. डिसेंबरपर्यंत तिथल्या यंत्रणेने त्याच कुटुंबातली बाकी औषधंही तपासली आणि सांगितलं, की मुलांच्या नैराश्यात धोक्यापेक्षा फायदा जास्त ठरतो तो फक्त फ्लुओक्सेटिनचा.

अमेरिकेत मात्र गाडी अडली. एफडीएमधले अँड्र्यू मोशोल्डर हे डॉक्टर आकडे तपासून धोका खरा आहे या निष्कर्षाला आले होते. फेब्रुवारी २००४ च्या जाहीर सुनावणीत त्यांना तो मांडू दिला गेला नाही. त्याच सुनावणीत मुलं गमावलेल्या आईवडिलांनी उभं राहून आपली कहाणी सांगितली. एफडीएने मग कोलंबिया विद्यापीठातल्या तज्ज्ञांना सगळ्या घटना नव्याने वर्गवार लावायला दिल्या, कोणाला कुठली गोळी होती हे त्यांना न सांगता. निष्कर्ष मोशोल्डरांच्याच दिशेने गेला. सप्टेंबरमध्ये सल्लागार समितीने १५ विरुद्ध ८ मतांनी काळ्या चौकटीची शिफारस केली.

तोवर न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर खटला भरला होता. ऑगस्ट २००४ मध्ये २५ लाख डॉलर भरून आणि चाचण्यांचे निकाल जाहीर करण्याचं कबूल करून कंपनीने तो मिटवला. २०१२ मध्ये तिने अमेरिकी सरकारशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली आणि फौजदारी गुन्हे कबूल केले. १८ खालच्या मुलांसाठी मंजुरी नसताना पॅरोक्सेटिनचा प्रचार करणं हा त्यातला एक भाग होता. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी स्टडी ३२९ चे मूळ कागद मिळवून सगळं पुन्हा तपासलं. मुलांमध्ये पॅरोक्सेटिनचा फायदा दिसत नाही आणि अपाय वाढलेला दिसतो, असा निष्कर्ष त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला.

या प्रकरणाने एक चांगली गोष्ट घडवली. चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंद नसेल तर निबंध छापणार नाही, असं प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे २००७ मध्ये अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून ती सक्तीची झाली. तिथे नोंदलेल्या चाचण्या कुणीही बघू शकतो.

मग या गोळ्या मुलांना द्याव्यात की नाही? ‘नाही’ असं सरळ उत्तर देणं सोपं आहे, पण ते चूक ठरेल. या वयातलं नैराश्य म्हणजे नुसता अभ्यासाचा कंटाळा किंवा ‘वयाचा परिणाम’ नव्हे. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवणावर मन नाही, मित्र तुटलेले, शाळा सुटलेली आणि मनात सतत ‘मी नसतो तर बरं’. अशा मुलाला उपचार न देणं हाही मोठा धोका आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. यातल्या बहुतेकांना कधी मानसोपचार मिळालाही नसेल, अशी मला भीती वाटते.

औषधाचा गुण येतो, पण मोठ्या माणसांइतका नाही आणि सगळ्याच औषधांचा नाही. २००७ मध्ये २७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. नैराश्यात खरी गोळी घेणाऱ्या १०० मुलांपैकी ६१ ना बरं वाटलं आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ५० ना. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा नऊ-दहा मुलांमागे एकाचा. बिनऔषधी गोळीवर निम्मी मुलं सुधारली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चाचणीत दर आठवड्याला कुणीतरी त्या मुलाला समोर बसवून ‘कसा आहेस, झोप लागली का, शाळेत गेलास का’ असं विचारत होतं. नैराश्य काही वेळा आपोआप ओसरतं हे खरं, पण त्या विचारपूस करणाऱ्या माणसाचाही त्यात हात असणारच. चिंतेच्या आजारात आणि मंत्रचळेपणात, म्हणजे ओसीडीत, मात्र याच गोळ्यांचा फायदा बराच ठळक दिसला. त्यामुळे ‘मुलाला कुठली गोळी’ याआधी ‘मुलाला नक्की काय झालंय’ हा प्रश्न येतो.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्याच्या १४ औषधांची तुलना छापून आली. मुलांच्या नैराश्यात बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं ते फक्त फ्लुओक्सेटिन. अमेरिकेत ते नैराश्यासाठी ८ वर्षांपासून पुढे मान्य आहे आणि एस्सिटॅलोप्रॅम १२ पासून पुढे. एमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधं आपल्याकडे स्वस्त आणि सर्रास मिळतात, पण मुलांच्या नैराश्यात त्यांचा उपयोग फारसा दिसलेला नाही आणि जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती हृदयावर घाला घालतात. नैराश्य असलेल्या मुलाच्या घरात अशा गोळ्या उघड्यावर पडलेल्या असणं मला फार काळजीचं वाटतं, मग त्या आजीच्या का असेनात.

गोळीबरोबर समुपदेशनही का हवं, हे अमेरिकेतल्या ४३९ किशोरांच्या एका सरकारी चाचणीत फार स्पष्ट दिसलं. विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी पद्धतशीर उपचारपद्धती आणि फ्लुओक्सेटिन दोन्ही मिळालेल्यांपैकी १२ आठवड्यांत ७१ टक्के मुलं सुधारली. नुसत्या गोळीवर ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनावर ४३ आणि बिनऔषधी गोळीवर ३५. नऊ महिन्यांनी सगळे उपचारगट जवळजवळ सारख्याच पातळीवर आले, म्हणजे गोळीने वेळ वाचवला. पण त्याच नऊ महिन्यांत आत्महत्येशी संबंधित घटना नुसत्या गोळीच्या गटात जवळपास १५ टक्के मुलांमध्ये झाल्या, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्क्यांच्या आसपास. औषध तेच होतं. फरक होता तो मुलाशी नियमित बोलणाऱ्या माणसाचा.

असं का होतं? पक्कं उत्तर नाही, पण डॉक्टरांना दिसणाऱ्या काही गोष्टी आहेत. गोळीचा मनःस्थितीवर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. हातापायांत बळ मात्र त्याआधी येऊ शकतं. ज्या मुलाला अंथरुणातून उठवत नव्हतं, ते उठू लागतं, पण मनातला अंधार तसाच असतो. काही मुलांना सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर विलक्षण अस्वस्थता येते. एका जागी बसवत नाही, आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं, झोप उडते, शब्दाला शब्द लागून भांडण होतं. आणि काही मुलांचं नैराश्य हे खरं तर बायपोलर आजाराची, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी बेफाम उत्साह अशा दोन टोकांच्या आजाराची, पहिली पायरी असतं. त्यांना ही गोळी उलट्या टोकाला नेऊ शकते. म्हणूनच चांगला डॉक्टर गोळी लिहिण्याआधी घरात कुणाला असा आजार होता का, कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, हे विचारतो. हे प्रश्न त्याने विचारले नाहीत, तर आपण होऊन सांगा. चार लोकांना कळेल म्हणून झाकून ठेवलेली मामाची किंवा काकांची गोष्ट या क्षणी मुलाच्या कामाची आहे.

इशाऱ्यानंतर काय झालं, यावर आजही वाद आहे. अमेरिकेत मुलांना या गोळ्या लिहून देण्याचं प्रमाण घटलं. काही संशोधकांनी म्हटलं, की त्यामुळे उपचार थांबले आणि आत्महत्येचे प्रयत्न वाढले. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात किशोरांमध्ये मनोविकारांवरच्या औषधांच्या विषबाधेचं प्रमाण २१.७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. दुसऱ्यांनी लगेच उलट मुद्दा काढला, की विषबाधेचा आकडा म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न नव्हे, आणि त्याच अभ्यासात आत्महत्येने झालेले मृत्यू वाढलेले नव्हते. मला या वादापेक्षा एक वेगळी गोष्ट खुपते. इशाऱ्याबरोबर एफडीएने सांगितलं होतं, की गोळी सुरू केल्यावर मुलाला जवळून आणि वारंवार तपासा. नंतरच्या पाहणीत दिसलं, की तपासणीच्या भेटी वाढल्याच नाहीत. ज्यावर भर द्यायचा होता ते झालं नाही आणि लोक नुसते घाबरले.

आपल्याकडे तर ही अडचण आणखी मोठी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार पाहणी झालेल्या बहुतेक राज्यांत एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, त्यात मुलांचे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. जिल्ह्याच्या ठिकाणी तालुक्यातून एसटीने आलेल्या आईबापांना ‘महिन्याने या’ असं सांगितलं जातं, आणि तोच महिना सगळ्यात नाजूक असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, की मधल्या काळात फोन कुणाला करायचा. एका आठवड्याने फोनवर का होईना, पण बोलणं ठरवून घ्या. डोस कमीपासून सुरू करताय ना, समुपदेशनाचं काय, हेही विचारा. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नाही.

घरी पहिले महिना-दोन महिने मुलाची झोप, चिडचिड आणि येरझाऱ्या यांवर नजर ठेवा. पाळत ठेवल्यासारखी नको, सोबत असल्यासारखी. गोळ्यांचा डबा मोठ्या माणसाच्या ताब्यात आणि कुलपात असू द्या, रोजची गोळी हातात द्या. ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, मूल अचानक फार अस्वस्थ झालं असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्र असेल आणि कुणीच फोन उचलत नसेल, तर सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. घाबरून गोळी एकदम बंद करू नये. पॅरोक्सेटिनसारखं औषध शरीरातून लवकर निघून जातं. ते अचानक थांबवलं की चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि रडू यातलं काहीही होऊ शकतं, आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्यात हा त्रास कमी असतो. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी सवय लागत नाही, पण शरीराला त्यांची सोबत झालेली असते, म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायचा असतो. मुलाला पूर्ण बरं वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात. ती उतरवायला दहावी-बारावीच्या परीक्षेचे दिवस निवडू नयेत. मे महिन्याची सुट्टी त्यातल्या त्यात बरी. आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पुन्हा काही आठवडे झोप, भूक आणि बोलणं यांवर तशीच नजर ठेवावी, कारण आजार परततोय का हे तेव्हाच कळतं.